घोड्याचा रंग, खुणा आणि होणारं शिंगरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सारंगखेड्याच्या बाजारात असो की माळेगावच्या यात्रेत, घोड्याचा सौदा चाल, उंची आणि कानांइतकाच रंगावर अडतो. पैदाशीच्या वेळी मात्र रंगाचा हिशेब बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे चालतो. खालच्या उत्तरांत आम्ही टक्केवारीपेक्षा एका गोष्टीवर जास्त भर दिला आहे: अमुक जोडीतून काय होऊच शकत नाही. हे एकदा कळलं की निम्मे वाद आणि बरीचशी फसवणूक तिथेच थांबते.

घोड्याचे मूळ रंग किती?

तीन. काळा, कुमैत आणि तांबडा. कुमैत म्हणजे अंग तपकिरी-लालसर आणि आयाळ, शेपूट, पायांची खालची बाजू, कानांच्या कडा काळ्या. कागदोपत्री याला बे म्हणतात. तांबडा म्हणजे चेस्टनट, काही ठिकाणी सुरंग: अंगावर कुठेही काळा केस नाही, आयाळही लाल किंवा अंगापेक्षा फिकी. करडा, पालोमिनो (सोनेरी अंग, फिकी आयाळ), बकस्किन आणि डन (दोन्ही पिवळट अंगाचे), अबलख (पांढऱ्या ठिगळांचा), नुकरा (पांढरा) हे सगळे या तिघांपैकी एकावर चढलेले थर आहेत. म्हणून कोणताही घोडा पाहताना आधी विचारायचं, खालचा रंग कोणता?

हे तीन रंग ठरतात कसे?

दोन जनुकांनी. शिंगराला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते.

पहिलं जनुक एमसी१आर. प्रयोगशाळेच्या अहवालात ते ई या अक्षरानं येतं. मोठा ई असेल तर घोड्याला काळं रंगद्रव्य बनवता येतं. छोटा ई म्हणजे ते बनवणं बंद. मोठ्या ईची एक प्रतही पुरते. दोन्ही प्रती छोट्या असतील तरच घोडा तांबडा होतो.

दुसरं जनुक एएसआयपी, अहवालात ए. ते काळा रंग कुठे दिसावा हे ठरवतं. मोठ्या एची एक प्रत जरी असली तरी काळा रंग पाय, आयाळ, शेपूट आणि कानांच्या कडांपुरता राहतो, घोडा कुमैत होतो. दोन्ही छोटे ए असले तर काळा अंगभर पसरतो.

तांबड्या घोड्यात काळा रंगच नसल्यामुळे त्याच्याकडे मोठा ए आहे की छोटा, हे बाहेरून कळत नाही. पुढचे बरेच घोळ इथूनच निघतात.

दोन्ही तांबडे. शिंगरू कुमैत झालं. असं होतं का?

नाही. तांबड्या आईबापांकडे द्यायला मोठा ई नसतोच, त्यामुळे त्यांचं शिंगरू काळं किंवा कुमैत होऊ शकत नाही. तसं झालं असेल तर तीनच शक्यता उरतात: बाप दुसरा आहे, आईबापांपैकी एकाचा रंग ओळखण्यात चूक झाली आहे, किंवा शिंगराचा. गडद, कॉफीसारखा तांबडा घोडा अनेकदा कुमैत किंवा काळा म्हणून खपतो. आयाळीच्या मुळाशी आणि पायांवर काळे केस आहेत का ते उन्हात नीट पाहा.

घोडी काळी, घोडा तांबडा, शिंगरू कुमैत. लोक म्हणतात बाप दुसरा.

लोकांना म्हणू द्या. ही जोडी सरळ आहे. काळ्या घोडीनं मोठा ई दिला, तांबड्या घोड्यानं आपल्यात दडलेला मोठा ए दिला, झालं कुमैत. हा ए तांबड्या घोड्यात पिढ्यान्‌पिढ्या न दिसता चालत राहू शकतो. रंगावरून बापाविषयी शंका घ्यायची असेल तर ती फक्त "होऊच शकत नाही" अशा जोड्यांत घ्यावी. निर्णय तिथेही डीएनएनंच करावा.

दोन्ही कुमैत असतील तर?

दोघांकडेही दोन्ही जनुकांची एक-एक छोटी प्रत दडलेली असेल, तर १६ पैकी सरासरी ९ कुमैत, ३ काळी, ४ तांबडी असं प्रमाण येतं. एकाकडे जरी मोठ्या ईच्या दोन प्रती असल्या तरी तांबडं शिंगरू शक्य नाही, आणि एकाकडे मोठ्या एच्या दोन प्रती असल्या तर काळं शक्य नाही.

आपल्या कुमैत घोडीत काय दडलंय हे पैसे न खर्चता बरंच शोधता येतं. तिची आई किंवा बाप तांबडा होता? मग तिच्यात छोटा ई नक्की आहे. आईबापांपैकी कोणी काळं होतं? मग छोटा ए नक्की आहे. तिला आधी तांबडं शिंगरू झालंय? तर पुन्हा छोटा ई नक्की. काळं झालंय? छोटा ए नक्की. आधीच्या शिंगरांचे रंग वहीत लिहून ठेवणाऱ्याला हा हिशेब दहा मिनिटांत जमतो.

१६ पैकी ४, म्हणजे "चारांत एक", याचा अर्थ दर चौथं शिंगरू तांबडं असा होत नाही. प्रत्येक खेपेला चिठ्ठी नव्यानं निघते. सलग चारही तांबडी होऊ शकतात.

काळंच शिंगरू हवंय. काय करावं?

पैदाशीचा घोडा असा निवडा ज्याच्याकडे मोठ्या ईच्या दोन प्रती आणि छोट्या एच्या दोन प्रती आहेत. तो काळ्या घोडीला लावला तर मूळ रंग दरवेळी काळाच. घोडी तांबडी असेल आणि तिच्याकडे दोन्ही छोटे ए असतील, तरीही दरवेळी काळाच. म्हणजे काळ्याच्या पैदाशीसाठी योग्य तांबडी घोडी ही कुमैत घोडीपेक्षा जास्त खात्रीची ठरू शकते, पण बाजारात तिला कोणी विचारत नाही. तिच्या एची तपासणी केली तरच ते कळतं.

काळा गुणिले काळा यातून कुमैत कधीच होत नाही. तांबडं होऊ शकतं, दोघांकडेही छोटा ई दडलेला असेल तर चारांत एक. काठियावाडीत काळा रंग जातीच्या वर्णनातच नाही, त्यामुळे काळा "शुद्ध काठियावाडी" कोणी दाखवला तर कागद नीट वाचा.

काळा घोडा खरा की रंगवलेला, हे कसं ओळखावं?

२०२२ साली पंजाबातल्या सुनाममध्ये काळा मारवाडी म्हणून २२ लाखांहून जास्त किंमत देऊन घेतलेला घोडा आंघोळ घातल्यावर तांबूस निघाल्याची बातमी देशभर गाजली. हे प्रकार नवे नाहीत. पाहायचं ते असं:

पांढरा सुती कपडा ओला करा, थोडा साबण लावा, आणि कानामागे, आयाळीखाली, काखेत व शेपटीच्या बुंध्याखाली जोरात घासा. नवा रंग कपड्यावर उतरतो. मुरलेला कलप उतरत नाही, म्हणून केस बाजूला करून मुळाशी पाहा; १५-२० दिवसांची नवी वाढ वेगळ्या रंगाची दिसते. केसांसोबत कातडीवर निळसर-काळे ठिपके किंवा रेघा असतील तर तो कलपच. गुलाबी कातडीवर, म्हणजे पांढऱ्या खुणेच्या कडेला, हे सगळ्यात लवकर दिसतं.

एवढं करूनही घोडा गडद कुमैत असू शकतो. नाकपुड्यांभोवती, डोळ्यांखाली आणि मांडीच्या आतल्या मऊ भागात तपकिरी छटा शोधा. खऱ्या काळ्याचंही अंग उन्हानं आणि घामानं विटून तपकिरी होतं, पण नाकाभोवतीचे बारीक केस सहसा काळेच राहतात. लाखांचा सौदा असेल तर केसांची जनुक तपासणी करूनच पैसे द्या. अहवालात मोठा ए निघाला तर तो घोडा काळा नाही, मग मालक काहीही सांगो.

शिंगरू जन्मलं तेव्हा एका रंगाचं होतं, आता दुसरंच दिसतंय.

जन्माचे केस साधारण तीन-चार महिन्यांत झडायला लागतात. खरा रंग त्यानंतरचा. कुमैत शिंगराचे पाय जन्मतः फिके, राखाडी-पिवळसर असतात आणि पहिल्या झडतीनंतर काळे होतात. तोवर कानांच्या काळ्या कडा आणि आयाळीचे काळे केस हीच खूण. काळं शिंगरू बऱ्याचदा उंदरासारखं धुरकट जन्मतं. तांबड्याचे पाय गुलाबीसर फिके असतात. पाठीवरची पुसट रेघ आणि पायांवरचे पट्टे अनेक शिंगरांत असतात आणि पहिल्या केसांबरोबर जातात, म्हणून लगेच "डन झालं" असं जाहीर करू नका.

उलट, चकाकतं गडद काळं शिंगरू जन्मलं आणि आईबापांपैकी एक करडा असेल, तर डोळ्यांच्या पापण्यांभोवती पांढरे केस शोधा. चष्मा लावल्यासारखं कडं दिसलं की ते करडं होणार.

पांढऱ्या खुणांची नोंद जन्मानंतर लगेच घ्या. पाय ओला केला की कातडीचा गुलाबी आणि काळा भाग यांच्यातली सीमा स्वच्छ दिसते. त्या सीमेचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. खुणा मोठ्या होत नाहीत, पण लांब केसांत त्यांच्या कडा हरवतात.

करडं शिंगरू कोणत्या जोडीतून होतं?

आईबापांपैकी किमान एक करडा असेल तरच. करडेपणा, बाजारातला सब्जा, एसटीएक्स१७ या जनुकातल्या सुमारे ४,६०० अक्षरांच्या तुकड्याची जादा प्रत तयार झाल्यामुळे येतो. हे २००८ साली समोर आलं. तो प्रबळ आहे, म्हणजे एक प्रतही पुरते, त्यामुळे पिढी गाळून येत नाही. "आजोबा करडे होते, आईबाप नव्हते, पण नातू करडा" ही गोष्ट ऐकली की आईबापांपैकी कोणाचा करडेपणा वेळेत लक्षात आला नव्हता एवढंच समजायचं. पुण्या-मुंबईच्या शर्यतींत धावणारा कोणताही करडा थरोब्रेड घ्या, त्याच्या वंशावळीत मागे जाताना प्रत्येक पायरीवर एक करडा सापडतोच. बहुतेकांची साखळी अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या अल्कॉक अरेबियन या घोड्यापर्यंत जाते.

करड्याची एकच प्रत असलेला घोडा साध्या घोडीला लावला तर निम्मी शिंगरं करडी. दोन प्रती असतील तर सगळी.

करड्याखाली मूळ रंग कायम असतो, चुना मारलेल्या भिंतीखालचा जुना रंग राहतो तसा. पांढऱ्या दिसणाऱ्या करड्या घोडीच्या पोटी तांबडं, काळं, पालोमिनो काहीही येऊ शकतं. घोडीचे लहानपणचे फोटो मिळाले तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

करडा घोडा पूर्ण पांढरा कधी होतो?

बहुतेक ६ ते १० वर्षांत. मूळ तुकडा एकदाच वाढून एकूण दोन झालेला प्रकारही असतो, त्यात पांढरेपणा खूप सावकाश येतो. झपाट्यानं पांढरे होणाऱ्यांत हा तुकडा तीनदा असतो. काहींच्या अंगावर नंतर लालसर ठिपके उमटतात. तो आजार नाही.

करड्या घोड्यांना गाठी होतात, हे खरं?

खरं आहे. १५ वर्षांवरच्या करड्या घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना मेलानोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या, काळ्या गाठी होतात. जागा ठरलेल्या: शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, लिंगाच्या आवरणावर, ओठांवर, कानाखाली जबड्यामागे. बहुतेक गाठी वर्षानुवर्षं सावकाश वाढतात. काही पुढे पसरतात किंवा शौचाला अडथळा करतात. वर्षातून दोनदा शेपूट उचलून हात फिरवा, गाठीचं माप लिहा, वाढ दिसली की पशुवैद्याला दाखवा. लहान असताना काढणं सोपं जातं. करड्याच्या दोन प्रती असलेल्यांत आणि मूळ रंग काळा असलेल्यांत हा धोका जास्त आढळतो. आमच्या मते सगळीच शिंगरं करडी करण्याचा अट्टहास म्हणूनच शहाणपणाचा नाही.

नुकऱ्यापासून नुकरा होईल का?

हा प्रश्न लग्नाच्या वरातीसाठी घोडे पाळणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर तुमचा नुकरा नेमका कोणता यावर आहे. बाजारात नुकरा या एका नावाखाली तीन वेगळे घोडे विकले जातात.

पहिला, वयानं पांढरा झालेला करडा. कातडी काळी, डोळे काळे. नाक आणि डोळ्यांभोवती पाहा, लगेच कळतं. जाणकार याला नुकरा म्हणत नाहीत, पण विकणारे म्हणतात. याचं शिंगरू गडद जन्मेल आणि वरातीला उभं राहायला बरीच वर्षं घेईल.

दुसरा, रंग फिका करणाऱ्या क्रीम जनुकाच्या दोन प्रती असलेला. कातडी गुलाबी, डोळे फिके निळे, अंगावर जवळून पाहिल्यास मलईसारखी पिवळट झाक. पांढरी खूण असेल तर तिची कड अंधुक दिसते. याला तांबडी घोडी दिली तर एकही शिंगरू नुकरा होणार नाही. त्याचा मूळ रंग तांबडा असेल तर सगळी पालोमिनो होतील. कुमैत घोडी दिली तर बहुतेक बकस्किन. नुकरा हवा असेल तर घोडीकडेही क्रीम हवं: एक प्रत असेल तर निम्मी शिंगरं, तीही दोन प्रतींची असेल तर सगळी.

तिसरा, जन्मतः शुभ्र. कातडी गुलाबी, पण डोळे बहुधा काळे किंवा तपकिरी. हा किट जनुकातल्या बदलामुळे होतो. असे ३० हून अधिक बदल जगभरात नोंदले गेले आहेत. हा कोणत्याही घोडीला लावला तरी साधारण निम्मी शिंगरं पांढरी किंवा बरीचशी पांढरी होतात. अशा दोन पांढऱ्यांची जोडी मात्र टाळा. यातल्या अनेक बदलांच्या दोन प्रती आल्या तर गर्भ सुरुवातीलाच जातो असं मानलं जातं, आणि घोडी नुसती रिकामी राहिल्यासारखी वाटते.

कागदावर यातल्या कोणालाही अल्बिनो लिहू नये. लाल डोळ्यांचा खरा अल्बिनो घोडा आजवर आढळलेला नाही.

पालोमिनो गुणिले पालोमिनो म्हणजे सगळी पालोमिनो?

नाही. चारांत सरासरी दोन पालोमिनो, एक तांबडं, एक गुलाबी कातडीचं क्रेमेलो, म्हणजे तांबड्यावर क्रीमच्या दोन प्रती. क्रीमची एक प्रत लाल रंगाला फिकं करते, काळ्याला जवळपास हात लावत नाही. त्यामुळे क्रीमची एक प्रत असलेला काळा घोडा काळाच दिसतो, फार तर विटलेला. काळ्या-तांबड्या जोडीला अचानक सोनेरी शिंगरू झालं तर क्रीम तिथे दडलेलं होतं.

बकस्किन आणि डन यांत फरक काय?

दोघांचंही अंग पिवळट आणि आयाळ काळी असू शकते, पण जनुकं वेगळी. बकस्किन हा कुमैतावर क्रीमची एक प्रत. डन हा टीबीएक्स३ या जनुकाचा परिणाम, आणि त्यात पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत ठळक गडद रेघ, गुडघ्यांवर आडवे पट्टे, कधी खांद्यावर आडवी रेघ असते. काठियावाडीत हे पट्टे सुंदर दिसतात. रेघेच्या कडा धारदार असाव्यात. धूसर सावली डन ठरवायला पुरत नाही. डनची एक प्रत पुरते आणि करड्याप्रमाणेच तोही पिढी गाळत नाही.

अबलख घोडा लावला, शिंगरू साधं झालं. घोडेवाल्यानं फसवलं का?

आपल्याकडचे बहुतेक मोठ्या ठिगळांचे अबलख टोबियानो प्रकारचे दिसतात: पांढरा पाठीवरून आरपार जातो, चारही पाय पांढरे, तोंड मात्र साध्या घोड्यासारखं रंगीत. हा गुण तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा किटजवळ उलटा बसल्यामुळे येतो. प्रबळ आहे. एक प्रत असलेल्या घोड्याची निम्मी शिंगरं साधीच होणार, त्यात फसवणूक नाही. "शंभर टक्के अबलख देतो" असं सांगून जास्त दर घेतला असेल आणि साधं शिंगरू झालं असेल, तर ती फसवणूक आहे, कारण दोन प्रतींच्या घोड्याला साधं शिंगरू होऊच शकत नाही.

तपासणीशिवाय खात्री करायची तर त्या घोड्याला अबलख नसलेल्या घोडींपासून झालेली शिंगरं मोजा. एक प्रत असलेल्या घोड्याची सलग पाच शिंगरं अबलख होण्याची शक्यता ३२ मध्ये १, सलग सात होण्याची १२८ मध्ये १. मालकानं निवडून दाखवलेली सात चालत नाहीत. त्या हंगामातली सगळी पाहा. पांढऱ्यात विखुरलेले छोटे काळे ठिपके दोन प्रतींचं लक्षण मानतात, पण ते पक्कं नाही.

उलटंही होतं. साध्या घोडीला अबलख शिंगरू होतं, कारण ती साधी नसतेच. चारही पाय पांढरे आणि कपाळ अगदी कोरं असेल तर टोबियानो फार थोडा व्यक्त झाल्याची शंका घ्या.

एक बारकावा जाणत्यांसाठी. किट आणि एमसी१आर ही दोन्ही तिसऱ्या गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे ठिगळं आणि मूळ रंग बऱ्याचदा जोडीनं जातात. समजा अबलख कुमैत घोड्याला ठिगळं आणि मोठा ई दोन्ही आईकडून मिळाले, बाप तांबडा होता. तांबड्या घोडींपासून त्याची अबलख शिंगरं बहुतेक काळी-पांढरी किंवा कुमैत-पांढरी होतील, आणि साधी होतील ती बहुतेक तांबडी. "याची तांबडी शिंगरं अबलख होत नाहीत" असं जे मालक सांगतात त्यामागे हेच असतं. अधूनमधून ही जोडी तुटते.

पांढरं शिंगरू जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं. कारण काय असावं?

फ्रेम नावाचा आणखी एक अबलख प्रकार आहे. त्यात पांढरा अंगाच्या बाजूला, कडा फाटल्यासारख्या, आणि सहसा पाठ ओलांडत नाही. तोंड बरंच पांढरं, डोळे अनेकदा निळे. ईडीएनआरबी जनुकातला हा बदल १९९८ साली ओळखला गेला. एक प्रत असलेला घोडा निरोगी असतो. दोन प्रती आल्या तर शिंगरू जवळपास पूर्ण पांढरं जन्मतं आणि त्याच्या आतड्यात चेतापेशीच तयार झालेल्या नसतात. शेण पुढे सरकत नाही, काही तासांतच पोटदुखी सुरू होते, आणि काही दिवसांत ते दगावतं. उपाय नाही. दोन फ्रेम घोड्यांच्या जोडीत हे चारांत एकदा होतं.

हा बदल मुख्यतः अमेरिकन पेंट आणि क्वार्टर हॉर्सच्या रक्तात आहे. परदेशी रक्ताचा अबलख वापरत असाल तर तपासणी टाळू नका, कारण काही फ्रेम घोडे बाहेरून जवळपास साधे दिसतात.

पांढरं शिंगरू दिसलं म्हणून घाबरून त्याला संपवू मात्र नका. पहिलं काळं चिकट शेण काही तासांत पडलं, ते दूध पितंय आणि पोट फुगत नाही, तर ते वर सांगितलेल्या निरोगी नुकऱ्यांपैकी एक आहे.

पंचकल्याणी शिंगरू ठरवून घेता येतं का?

शक्यता वाढवता येते, ठरवता येत नाही. चार पांढरे पाय आणि तोंडावर पट्टा यामागे एक जनुक नसून अनेक आहेत, आणि वर गर्भातला योगायोग. रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरतात; कपाळाचा मध्य आणि खुरांजवळचा भाग सगळ्यात शेवटी येतो. पेशी कमी पडल्या किंवा उशिरा पोचल्या की तो भाग पांढरा राहतो. म्हणूनच एकाच घोड्यापासून बनवलेल्या क्लोनच्या खुणाही तंतोतंत सारख्या नसतात.

व्यवहारात: दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पायांचे आणि पट्ट्याचे घोडे घ्या. तांबड्या रंगावर सरासरी पांढरा जास्त येतो, कुमैतावर कमी, त्यामुळे तांबडं शिंगरू झालं तर संधी वाढते. दोन्हीकडून फार पांढरा घेतलात तर तो गुडघ्यावर थांबत नाही, पोटापर्यंत चढतो आणि ओठ-हनुवटी गुलाबी होतात. खोगीर लागून पाठीवर आलेले पांढरे केस पुढच्या पिढीत जात नाहीत, तेव्हा ते खुणांत मोजू नका.

भोवऱ्यांचं काय?

भोवऱ्यांची जागा थोडीफार वंशानं जाते आणि आयुष्यभर बदलत नाही, म्हणून ओळखपत्रात त्यांची नोंद उपयोगी. मानेवरच्या देवमण या भोवऱ्याला बाजारात किंमत मिळते, डोळ्याखालच्या भोवऱ्यानं किंमत पडते. रंगाशी किंवा तब्येतीशी याचा संबंध लावायला आधार नाही. विकताना मात्र गिऱ्हाईक भोवरे पाहणारच, ते धरून चला.

पांढऱ्या पायाचं खूर कच्चं असतं का?

नाही. फरक खुराच्या रंगात आहे, ताकदीत नाही. पांढऱ्या खुणेखालची गुलाबी कातडी मात्र खरंच नाजूक असते. पावसाळ्यात चिखलानं घोट्यामागे खपल्या धरतात. धुऊन कोरडं करणं हाच उपाय. उन्हाळ्यात नुकऱ्याच्या नाकावर झिंक ऑक्साइड लावा आणि दुपारी सावलीत बांधा. गुलाबी पापण्यांवर बरी न होणारी जखम दिसली तर थांबू नका, तिथे कर्करोग होऊ शकतो.

आईचा रंग जास्त उतरतो की बापाचा?

दोघांचा वाटा समान. गाभण घोडीला काय खाऊ घातलं, तिनं कोणता घोडा पाहिला, याचा शिंगराच्या रंगाशी संबंध नाही.

घोडीला आधी दुसरा घोडा लावला होता. त्याचा रंग आताच्या शिंगरात येईल का?

येणार नाही. ही समजूत जगभर होती. ब्रिटनमध्ये लॉर्ड मॉर्टन यांच्या तांबड्या अरबी घोडीला आधी क्वागा, म्हणजे झेब्र्याचा आता नामशेष झालेला प्रकार, लावला होता. पुढे तिला काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या पायांवर पट्टे दिसले. १८२० च्या सुमारास ही घटना जाहीर झाली आणि पुढची कित्येक दशकं मोठमोठे शास्त्रज्ञ तिला पुरावा मानत राहिले. १८९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जेम्स कोसार यूअर्ट यांनी झेब्रा आणि घोड्यांवर मुद्दाम प्रयोग केले, तेव्हा तसं काही घडत नसल्याचं दिसलं. पायांवर पट्टे झेब्र्याशिवायही येतात. डनचा परिच्छेद पुन्हा वाचा. तेव्हा एका चुकीच्या मिलनामुळे चांगली घोडी कायमची "बिघडली" म्हणून स्वस्तात विकू नका.

तपासणीसाठी नमुना कसा घ्यावा?

आयाळीचे किंवा शेपटीचे २० ते ३० केस मुळासकट उपटा. कापलेले केस बाद, कारण डीएनए मुळाशी असलेल्या पांढऱ्या गाठीत असतो. केस आधी फणीनं साफ करा, बोटाला गुंडाळा आणि झटक्यानं ओढा; मुळं दिसली पाहिजेत. शिंगराचे केस बारीक आणि तुटके, म्हणून शेपटीचे घ्या आणि थोडे जास्त घ्या. कोरड्या कागदी पाकिटात ठेवून वर लगेच नाव, वय, रंग लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. दुसऱ्या जनावराला हात लावण्याआधी हात धुवा. दोन घोड्यांचे केस मिसळले की अहवाल निरुपयोगी.

सगळ्या तपासण्या मागवायची गरज नाही. काळ्यासाठी ई आणि ए. अबलखासाठी टोबियानोच्या प्रती, परदेशी रक्त असेल तर फ्रेमही. गुलाबी कातडीच्या नुकऱ्यासाठी आधी क्रीम. ते नाही निघालं तरच किटकडे वळा. अमेरिकेतल्या डेव्हिसच्या विद्यापीठाची पशु-जनुक प्रयोगशाळा अशा तपासण्या करते. देशात कुठे, काय आणि किती दरानं होतं याची चौकशी जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात करा. बाप कोण ही तपासणी वेगळी असते आणि तिला आई, शिंगरू आणि संशयित बाप अशा तिघांचे नमुने पाठवावे लागतात. रंगाच्या अहवालावरून बाप नाकारता येतो, सिद्ध करता येत नाही.

घोडा लावण्यापूर्वी मालकाला नेमकं काय विचारावं?

घोड्याच्या आईबापांचे रंग. गेल्या हंगामातल्या सगळ्या शिंगरांचे रंग, मेलेली आणि विकलेली धरून, आणि प्रत्येकाच्या आईचा रंग. करडा असेल तर त्याचा पहिल्या वर्षीचा फोटो. रंगाची हमी देत असेल तर तपासणीचा अहवाल, आणि त्यावरचं नाव व खुणा समोरच्या घोड्याशी जुळतात का ते. हमी कागदावर लिहून घ्या, आणि शिंगराचा रंग पहिली झडती संपल्यावर ठरेल असं त्यात नमूद करा. घोडी ११ महिन्यांनी विते, त्यापुढे आणखी चार महिने धरा.